गुरुवारचे पाण्याचे कोर्ट



स्पेनहून परत आल्यापासून जो भेटतो तो दोनच प्रश्न विचारतो. कुर्तुबाची मशीद पाहिली का? गरनाताचा अल-हमरा पाहिला का? दोन्ही पाहिले नाही, असे सांगितले की समोरचा माझ्याकडे असा बघतो, जणू मी आग्र्याला जाऊन ताजमहाल न बघता नुसता पेठा घेऊन आलो. मग मी सांगतो की मी एक कोर्ट पाहिले. ते पाच मिनिटांत उठले आणि त्यात एकही खटला नव्हता. यावर लोक हसतात. त्या पाच मिनिटांनी माझ्या डोक्यातली सतरा वर्षांची एक गाठ कशी सैल केली, ते या महिन्याच्या सदरात सांगतो.

आमची मुलगी वालेन्सिया शहरात शिकायला आहे. भूमध्य समुद्राच्या काठावरचे हे स्पेनमधले तिसरे मोठे शहर, वस्ती आठेक लाखांची. २०२५ च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नवरा-बायको तिच्याकडे पोहोचलो. शाबान संपत आला होता. "अब्बा, पहिला रोजा माझ्यासोबत सोडा," एवढीच तिची मागणी होती. मुंबईहून आखातामार्गे माद्रिद, आणि तिथून वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आत वालेन्सिया.

तिथला वसंत नुकताच डोके वर काढत होता. दिवसा आपल्या दिवाळीनंतरच्या सकाळीसारखी हवा, सतरा-अठरा अंश. सूर्य मावळला की स्वेटर लागे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडे, आणि ती फळांनी लगडलेली. कोणी हात लावत नाही हे पाहून मुलीच्या अम्मीला राहवेना. तिने एक तोडून सोलले, फोड तोंडात टाकली आणि तोंड वेडेवाकडे केले. ही शोभेची कडू संत्री, खायची वेगळी, ती शहराबाहेरच्या बागांत. फांद्यांवर अजून कळ्याच होत्या. मार्चअखेरीपासून एप्रिलपर्यंत त्या उमलतात आणि सारे शहर घमघमते, असे मुलगी म्हणाली. त्या फुलाला तिथे 'असाहार' म्हणतात. अरबीत 'अज़-ज़हर' म्हणजे फूल.

बलन्सिया

तिथली भाषा ऐकताना असे ओळखीचे शब्द सारखे भेटत राहतात. तांदूळ म्हणजे 'अर्रोस', अरबी 'अर-रुज़'. केशर म्हणजे 'असाफ्रान', आपले जाफरान. वांगे म्हणजे 'बेरेन्खेना', अरबी 'बादिन्जान'. साखर 'असूकार', हा शब्द तर आपल्याच शर्करेपासून निघून फारसी-अरबीच्या खांद्यावर बसून तिथवर गेला. 'असे होवो' म्हणायचे असेल तर स्पॅनिश माणूस 'ओखाला' म्हणतो. त्याच्या पोटात अल्लाहचे नाव आहे, 'अल्लाहने चाहिले तर'. म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना ते माहीत असेल, अल्लाहच जाणे.

या शहराचे अरबी नाव बलन्सिया. इसवी सनाच्या आठव्या शतकापासून १२३८ पर्यंत, मधली काही वर्षे सोडली तर जवळपास पाचशे वर्षे, इथे मुस्लिम राज्य होते. हजच्या प्रवासवर्णनासाठी प्रसिद्ध असलेले इब्ने जुबैर इथलेच, जन्म ११४५ चा. ते गरनाताच्या गव्हर्नरकडे चिटणीस होते. नंतरच्या लेखकांनी सांगितलेली गोष्ट अशी, की मालकाने त्यांना बळजबरीने दारूचे सात प्याले पाजले आणि मग पश्चात्ताप होऊन तेच सात प्याले दिनारांनी भरून दिले. त्या पैशातून, त्या गुनाहची भरपाई म्हणून ते हजला निघाले. ११८३ चा फेब्रुवारी महिना होता तो, म्हणजे आम्ही गेलो तेच दिवस. दोन वर्षांनी परत आले ते अरबी साहित्यातले एक उत्तम प्रवासवर्णन घेऊन.

शहराच्या दक्षिणेला शातिबा नावाचे गाव आहे, आजचे खातिवा. कुरआनच्या किराअती शिकणाऱ्यांना हे नाव सांगावे लागणार नाही. जगभरच्या मदरशांत जी 'शातिबिया' पाठ केली जाते, तिचे कर्ते इमाम शातिबी याच गावचे. ते अंध होते. पुढे काहिराला गेले आणि ११९४ मध्ये तिथेच वारले. हाफिज-कारी मंडळींचा मान ज्या गावाशी जोडलेला आहे, ते संत्र्यांच्या बागांमधले गाव. मुलीने हे सांगितले तेव्हा तिच्या अम्मीचे डोळे भरून आले. तिचे वडील कारी होते.

पण इमारती? त्या जवळपास नाहीत. जुन्या वस्तीत अकराव्या शतकातल्या तटाचे काही तुकडे घरांच्या भिंतींमध्ये अडकून उभे आहेत. जमिनीखालच्या एका संग्रहालयात जुन्या वाड्याचे अवशेष आहेत. मोठ्या जामा मशिदीच्या जागी कॅथेड्रल उभे आहे. अल-हमरासारखे 'हे बघा, आमचे' असे म्हणून फोटो काढावा, असे तिथे काही उरलेले नाही. खरे सांगतो, पहिल्या दोन दिवसांत मी थोडा खट्टू झालो होतो. मुलगी म्हणाली, "अब्बा, गुरुवारपर्यंत थांबा."

आठ कालवे, आठ माणसे

गुरुवारी दुपारी बाराच्या आधी आम्ही कॅथेड्रलच्या एका दारासमोर उभे होतो. शेजारच्या चौकात एक कारंजे आहे. त्यात पहुडलेला पुरुष म्हणजे तुरिया नदी, आणि भोवतीच्या आठ स्त्रिया म्हणजे नदीतून निघणारे आठ मुख्य कालवे. दारासमोर लोखंडी कठड्याच्या आत लाकूड-चामड्याच्या जुन्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. दोनेकशे लोक जमले होते, बहुतेक आमच्यासारखे पाहुणे. बाराचे ठोके पडले आणि काळे सैल डगले घातलेली माणसे येऊन त्या खुर्च्यांवर बसली. चेहरे उन्हाने रापलेले, हात शेतकऱ्याचे. एका चोपदाराने एकेका कालव्याचे नाव पुकारले, 'या कालव्यावर कोणाची तक्रार आहे का?' अशा अर्थाचे. तो थांबे, कोणी बोलत नसे, मग पुढचे नाव. सगळी नावे झाली. तक्रार नाही. माणसे उठली आणि निघून गेली.

याला तिथे पाण्याचे न्यायासन म्हणतात. युनेस्कोने २००९ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याची नोंद केली. १९६० मध्ये शहराने त्याची हजार वर्षे साजरी केली, म्हणजे त्याचा आरंभ कुर्तुबाच्या खिलाफतीच्या काळात धरला. नेमक्या सालाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. कालव्यांची रीत मात्र मुस्लिम काळातली आहे, याला राजाची साक्ष आहे, ती पुढे येईलच.

हे कोर्ट चालते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक कालव्याचे शेतकरी आपल्यातून एक प्रमुख निवडतात. तो स्वतः शेती करणारा असावा लागतो. हेच प्रमुख न्यायाधीश. वकील नसतो. कागद लढवले जात नाहीत, सारे तोंडी. तक्रारदार बोलतो, आरोपी बोलतो, कालव्याचा राखणदार सांगतो, गरज पडली तर शेतावर जाऊन पाहणी होते, आणि निकाल तिथल्या तिथे. कोणी आता बोलायचे हे अध्यक्ष हाताने नव्हे, पायाने दाखवतो. तक्रारी त्याच, ज्या आपल्या गावात असतात: पाळी नसताना पाणी घेतले, पाट फोडला, पाट साफ केला नाही, शेजाऱ्याच्या पिकात पाणी सोडले.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला नियम असा. ज्या कालव्याची तक्रार, त्या कालव्याचा प्रमुख निकालात भाग घेत नाही. त्याहून पुढे, तंटा नदीच्या उजव्या काठाचा असेल तर निकाल डाव्या काठाचे प्रमुख सुचवतात, आणि डाव्याचा असेल तर उजव्याचे. ज्याच्या शेतात ते पाणी जाणारच नाही, त्याने सांगायचे की ते कोणाचे.

मी मुलीला म्हणालो, "पण आज तर काहीच झाले नाही." शेजारी एक वयस्क गृहस्थ उभे होते, त्यांची शेती शहराच्या उत्तरेला होती. मुलीने त्यांना विचारले आणि आम्हाला सांगितले. तंटे होतात, पण बहुतेक कालव्यावरच मिटतात. गुरुवारी साऱ्या शहरासमोर उभे राहायची पाळी येऊ नये, असे प्रत्येकाला वाटते. म्हणजे कोर्टाचे खरे काम त्या पाच मिनिटांत होतच नाही. ते आठवड्याच्या बाकीच्या दिवसांत होते, कारण गुरुवार येणार हे सगळ्यांना ठाऊक असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहराबाहेरच्या मळ्यांत गेलो. कांदा, कोबी, आणि 'अलकाचोफा' नावाची काटेरी कमळासारखी भाजी, हाही अरबी शब्द. पाटाला 'असेकिया' म्हणतात, अरबी 'अस-साकिया'. ज्या धातूपासून आपला साकी, पाणी पाजणारा, त्यापासूनच हा. बंधाऱ्याला 'असूद', अरबी 'अस-सद्द'. तिथल्या प्रसिद्ध फुटबॉल मैदानाचे मेस्ताया हे नावही या आठांपैकी एका कालव्याचे. पाट जिथे दुभंगतो तिथे मधोमध दगडाची एक जीभ बांधलेली असते. ती वाहत्या पाण्याचे ठरलेल्या प्रमाणात दोन भाग करते. नदीला पाणी भरपूर असो की कमी, प्रमाण तेच राहते. वाटा लिटरमध्ये ठरलेला नाही, हिश्शात ठरलेला आहे. दुष्काळ पडला तर सर्वांचेच कमी होईल, एकट्याचे नाही.

माणसे गेली, पाट राहिला

१२३८ मध्ये आरागॉनचा राजा जाउमे याने शहर जिंकले. वेढा पडला तेव्हा इथले विद्वान इब्ने अब्बार मदत मागायला समुद्रापार ट्यूनिसच्या सुलतानाकडे गेले आणि दरबारात कसीदा म्हटला. सुलतानाने जहाजे पाठवली, पण ती किनाऱ्याला लागू शकली नाहीत. शहर गेले. पण राजाने पुढच्याच वर्षी एक हुकूम काढला. एक राजाचा कालवा सोडून बाकीचे सगळे कालवे शहराच्या रहिवाशांना दिले, आणि पाणी कसे वापरायचे? तर मुसलमानांच्या काळी जशी रीत ठरलेली होती, तसेच. ही ती साक्ष.

शहर गेले तरी आसपासच्या खेड्यांत मुस्लिम शेतकरी राहिलेच. १५२० च्या दशकात त्यांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. त्यांना मोरिस्को म्हणत. नमाज लपून, रोजा लपून, मुलांची नावे दोन. तरी राज्याच्या लोकसंख्येचा सुमारे एक तृतीयांश भाग ते होते. मग २२ सप्टेंबर १६०९ रोजी वालेन्सियात हद्दपारीचा फर्मान पुकारला गेला. तीन दिवसांत निघायचे, हाताने उचलता येईल तेवढेच न्यायचे, बंदरावर जायचे, तिथून उत्तर आफ्रिका. या जहाजांत चढणाऱ्या गर्दीची त्या काळातच काढलेली मोठी चित्रे आजही वालेन्सियात जपलेली आहेत.

त्या फर्मानातले एक कलम वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. शंभर घरांमागे सहा घरांना मागे राहू द्यावे, असे त्यात म्हटले होते. कशासाठी? घरे, साखरेचे घाणे, भाताची पिके आणि पाटपाणी सांभाळले जावे, आणि नव्याने वसणाऱ्यांना ते शिकवले जावे म्हणून. ज्यांची जात नको होती, श्रद्धा नको होती, त्यांच्या हातचे पाणी मात्र हवे होते. हाकलणाऱ्यांनीच लिहून ठेवलेले हे प्रशस्तिपत्र आहे. याहून कडू प्रशस्तिपत्र मला माहीत नाही.

आपल्याकडे अंदलुसबद्दल बोलणे निघाले की आपण महालांवर रडतो. मोबाईलवर अल-हमराचे फोटो फिरतात, 'कधीकाळी आपणही' अशा ओळी त्याखाली. ते दुःख खोटे नाही. पण पवित्र कुरआनच्या सूरह रअदमधल्या सतराव्या आयतीचा आशय मला त्या पाटाच्या काठी आठवला. आकाशातून पाणी येते, ओढे-नाले आपापल्या मापाने वाहतात, पुरावर फेस येतो. फेस विरून जातो, आणि लोकांच्या उपयोगाचे जे असते ते जमिनीत राहते. ही आयत मी लहानपणापासून ऐकत आलो. वालेन्सियात ती डोळ्यांनी पाहिली. सुलतानांचे वाडे गेले. ज्याचे नाव कुठे लिहिलेले नाही अशा कोण्या शेतकऱ्याने 'तुझे इतके, माझे इतके' असे ठरवून बांधलेला दगड राहिला, कारण त्याच्यानंतर आलेल्यांनाही तो लागत होता. सदका-ए-जारिया म्हणतात ते आणखी काय असते?

हे सगळे फार गोड वाटू नये म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. हीच नदी कोपतेही. १९५७ च्या ऑक्टोबरात तुरियाने शहर बुडवले. तेव्हा नदीच शहराच्या दक्षिणेला वळवली, आणि जुन्या पात्रात आज नऊएक किलोमीटर लांबीची बाग आहे. आम्ही रोज असरनंतर तिथे फिरायला जात असू. २९ ऑक्टोबर २०२४ ला पुन्हा प्रलय आला. काही भागांत आठ तासांत वर्षभराचा पाऊस पडला. नव्या पात्रामुळे मूळ शहर वाचले, पण दक्षिणेकडच्या गावांतून ओढे फुटून वाहिले आणि वालेन्सिया प्रांतात दोनशे वीसहून अधिक माणसे गेली. आम्ही गेलो तेव्हा चार महिने झाले होते. त्या गावांत दुकानांची दारे अजून बंद होती आणि भिंतींवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती. मुलगी त्या दिवसांत तिच्या वर्गातल्या मुलांबरोबर झाडू-फावडी घेऊन पूल ओलांडून चिखल काढायला गेली होती. हे तिने आम्हाला तेव्हा फोनवर सांगितलेच नव्हते.

आमची विहीर

आता स्वतःकडे येतो.

आमचे गाव धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी. आमच्या भागात फड पद्धत होती, अजून काही ठिकाणी आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एका वर्षी एकच पीक, पाणी पाटकऱ्याच्या हाती, राखणीला जागल्या, आणि कारभार शेतकऱ्यांनी निवडलेल्या पंचांचा. तीन-चारशे वर्षांची रीत. वर धरणे झाली, घरोघरी विहिरी आणि मोटारी आल्या, तसे बरेच फड मोडले. म्हणजे ज्यासाठी मी सात समुद्र ओलांडून गेलो आणि तोंडात बोट घातले, ते माझ्या आजोबांच्या अंगणात होते. ते स्वतः पंच होते.

आजोबांच्या मागे एक विहीर राहिली, सातबाऱ्यावर अब्बांचा अर्धा आणि चाचांचा अर्धा हिस्सा. एक दिवस आमचा, एक दिवस त्यांचा. सतरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला. लाईट रात्री यायची. मोटारीपाशी मी झोपत असे. पाळी संपली तरी मी मोटार बंद केली नाही, एक रात्र नव्हे, चार रात्री. आमचा ऊस जगला, चाचांचा कांदा जळाला. चाचांनी स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावले. अब्बांनी कुलूप तोडले. शब्द वाढले, कोर्टात दावा गेला, तारखा पडत राहिल्या. अब्बा गेले तेव्हा चाचा जनाजाच्या नमाजला आले, शेवटच्या सफेत उभे राहिले, आणि कोणाशी न बोलता परत गेले. सतरा वर्षे मी सर्वांना सांगत आलो की कुलूप चाचांनी लावले. चार रात्रींचे मी कोणालाही सांगितले नव्हते. अब्बांनाही नाही.

सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. मदीनेत हजरत जुबैर (र.) आणि एक अन्सारी यांच्यात पाटाच्या पाण्यावरून तंटा झाला. जुबैर (र.) यांचे शेत वर, अन्सारींचे खाली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की जुबैर, तू शेत भिजव आणि मग पाणी शेजाऱ्याकडे सोड. अन्सारी रागावून म्हणाले, तो तुमच्या आत्याचा मुलगा आहे म्हणून का? तेव्हा प्रेषितांच्या चेहऱ्याचा रंग बदलला आणि त्यांनी जुबैर (र.) यांना त्यांचा पूर्ण हक्क घ्यायला सांगितले, पाणी बांधापर्यंत चढू दे म्हणून. विद्वान समजावतात की पहिल्या निकालात वरच्याला आपल्या हक्कातले थोडे सोडायला सांगितले होते, शेजाऱ्याच्या सोयीसाठी. ज्याला ती सवलत होती, त्यालाच ती दिसली नाही.

मी हा प्रसंग अनेकदा वाचला, आणि दर वेळी स्वतःला वरच्या शेतातला, हक्काचा माणूस समजून वाचला. वालेन्सियात पहिल्यांदा लक्षात आले की मी तोही नव्हतो. जुबैर (र.) आपल्या हक्कापर्यंत थांबले होते, मी हक्काच्या पलीकडे चार रात्री गेलो होतो. गरजेपेक्षा जास्तीचे पाणी असून वाटसरूला नाकारणाऱ्याकडे अल्लाह कयामतच्या दिवशी पाहणारसुद्धा नाही, असे हदीसमध्ये आहे. तिथे वाटसरूची गोष्ट आहे. माझ्या बाबतीत तर तो सख्खा चाचा होता.

चाँद मुबारक

स्पेनमध्ये पहिला रोजा १ मार्चला, शनिवारी आला. त्या दुपारी आमचा रोजा चालू होता आणि गावात नुकताच चंद्र दिसला होता. मी चुलतभावाला फोन लावला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. चाँद मुबारक झाले. मग मी सांगितले, "त्या उन्हाळ्यात पाळी तुमची असताना मोटार मी चालवली होती. चार रात्री. अब्बांना ठाऊक नव्हते." पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कट झाला असे वाटले. मग तो म्हणाला, "भाई, हे मला नको सांगू, अब्बांना सांग." आणि त्याने फोन चाचांकडे दिला. चाचा ऐकून घेत होते. शेवटी एवढेच बोलले, "घरी ये, मग बघू."

त्या संध्याकाळी खजूर आणि पाण्यावर रोजा सोडला, आणि मुलीने 'ओर्चाता' दिली. चुफा नावाच्या छोट्या कंदांपासून काढलेले हे दुधासारखे पांढरे गोड पेय. हा कंदही अरबांनीच तिथे रुजवला. नंतर भात होता. तिथला प्रसिद्ध केशरी भात कोंबडी-सशाच्या मांसाचा असतो, म्हणून मुलगी फक्त भाज्यांचा करते. जाणाऱ्यांनी हॉटेलात भाज्यांचा भात मागितला तरी तो कशाच्या पाण्यात शिजवला आहे, हे जरूर विचारावे. हलाल मांसाची दुकाने आणि मशिदी शहरात आहेत. मुलीच्या जवळच्या मशिदीत मोरोक्को, अल्जीरिया आणि पाकिस्तानातले लोक तरावीहला एका सफेत होते. मार्चच्या मध्यात जाणार असाल तर 'फायास' नावाचा उत्सव असतो. लाकूड-कागदाचे प्रचंड पुतळे १९ तारखेच्या रात्री जाळतात, आणि त्याआधी रोज दुपारी फटाक्यांचा कडकडाट. लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर ते दिवस टाळलेले बरे. गुरुवार मात्र टाळू नका. तिकीट नाही.

गावी आल्यावर चाचांकडे गेलो. चाचींनी इफ्तारला बसवून घेतले. दाव्याचे बोलणे निघाले तेव्हा मी त्या कोर्टाची गोष्ट सांगितली, उजव्या काठाचा तंटा डाव्या काठाने सोडवायचा ती. चाचा म्हणाले, "हे तर तुझ्या आजोबांच्या वेळी असेच होते." नदीपलीकडचे दोन शेतकरी ठरले. एक पाटील आहेत, आणि दुसरे म्हातारे एकेकाळी फडावर पाटकरी होते. दोघांच्याही शेतात आमच्या विहिरीचा थेंब जात नाही. त्यांनी विहिरीवर येऊन पाणी मोजले, लाईटचे तास लिहून घेतले आणि ईदनंतर सांगतो म्हणाले. जळालेल्या कांद्याची रक्कम काय धरायची, तेही तेच सांगणार आहेत. ती मी देणार आहे.

दावा अजून मागे घेतलेला नाही. वकील म्हणतात, घाई करू नका. पण परवा सकाळी शेतावर गेलो तर स्टार्टरची पेटी उघडी होती, आणि आतल्या बाजूला खडूने चुलतभावाच्या अक्षरात दोन ओळी होत्या. एका दिवसापुढे त्याचे नाव, दुसऱ्यापुढे माझे.

अल्लाह आपल्या सर्वांना आपला हक्क ओळखण्याची, आणि दुसऱ्याचा त्याआधी ओळखण्याची तौफीक देवो. आमीन.